शेवटच्या बाकापासून शाळा सुधारताना

जुलैचा दुसरा आठवडा, दुपारचं सत्र, बाहेर धो धो पाऊस. गोवंडीच्या बाजूची आमची पालिकेची मराठी शाळा. पाचवीच्या वर्गात मी एका मुलीला मराठीचं पुस्तक वाचायला दिलं. तिनं अख्खी कविता घडाघडा म्हटली, चालीसकट. बोटही ओळींखालून फिरवत होती. फक्त बोट दुसऱ्या कडव्यावर होतं तेव्हा तोंडात तिसरं कडवं चालू होतं. मी मधल्याच एका शब्दावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हे काय लिहिलंय गं?" ती गप्प. मग वर्गशिक्षिकेकडे बघत हळूच म्हणाली, "बाई, पहिल्यापासून म्हणू?"

चौथीच्या प्रगतिपुस्तकात तिला मराठीला ब-१ श्रेणी होती, म्हणजे ७१ ते ८० टक्के. मुद्दाम कुणी खोटं लिहिलं नव्हतं. तोंडी परीक्षेत तिनं कविता म्हटली, प्रकल्प मैत्रिणीबरोबर केला, लेखी पेपरात शेजारचं बघून आणि आठवून उतरवलं, आकारिकचे, म्हणजे वर्षभरातल्या वर्गकामाचे, गुण टापटीप वहीला मिळाले. हस्ताक्षर तर मोत्यासारखं. चार वर्षांत तिला एकटीला बसवून, न पाहिलेला मजकूर वाचायला कुणी दिलाच नव्हता.

त्यानंतरच्या काही वर्षांत आम्ही जे केलं, जिथे तोंडघशी पडलो आणि पुन्हा केलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. मुख्याध्यापकांसाठी, वर्गशिक्षकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीवर नाव आहे पण करायचं काय हे कुणी सांगितलेलं नाही अशा पालकांसाठी. यात पैसा फारसा लागत नाही, वेळापत्रक मात्र मोडावं लागतं. आणि सगळं एका गोष्टीवर उभं आहे: शाळेचा निकाल, शेकडा, सरासरी बाजूला ठेवायची आणि नावं घेऊन काम करायचं. "पाचवीतली १२ टक्के मुलं मागे आहेत" या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही. "पाचवी ब मधली ही पाच मुलं" म्हटलं की उद्या सकाळी काय करायचं ते सुचतं.

पहिली पायरी: नावांची यादी (शाळा सुरू झाल्यापासून पहिले तीन आठवडे)

दुसरीपासून वरच्या प्रत्येक मुलाची तोंडी तपासणी करायची, एकेकट्याची, वर्गाबाहेर. व्हरांड्यात एक बाक टाका. चार कागद पुरतात: एकावर सुटी अक्षरं, दुसऱ्यावर साधे दोन-तीन अक्षरी शब्द, तिसऱ्यावर पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, चौथ्यावर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ही रीत माझी नाही. 'प्रथम' ही संस्था १९९० च्या दशकात मुंबईतच सुरू झाली. तिच्या कामातून ही पातळीनुसार तपासण्याची पद्धत घडली आणि २००५ पासून 'असर' सर्वेक्षणातून देशभर पोचली. गणिताला अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार एवढंच विचारायचं.

एका मुलाला चार मिनिटं धरली तर चाळीस मुलांचा वर्ग १६० मिनिटांत होतो. रोज एक तासिका दिली तर आठवड्याच्या आत वर्ग पुरा.

तीन पथ्यं पाळा. एक, वर्गशिक्षकांनी एकमेकांचे वर्ग तपासायचे. आपल्या मुलाला आपण नकळत पहिलं अक्षर सुचवतो, ओठ हलतात. दोन, मजकूर पाठ्यपुस्तकातला नको, नाहीतर वरच्या मुलीसारखं सगळं तोंडपाठ निघेल. तीन, मूल अडलं की "अरे, एवढंही येत नाही?" हा उद्गार गिळायचा आणि आधीच्या सोप्या कागदावर जायचं. शेवटचा कागद मुलाला जमणाराच असावा, म्हणजे ते हसत वर्गात परत जातं.

यादीत पातळीशेजारी आणखी चार रकाने आखा: गेल्या वर्षाची हजेरी, घरात बोलली जाणारी भाषा, घरी सांभाळणारं माणूस कोण, डोळे-कान. हे रकाने वर्गशिक्षकानं आठवणीतून भरू नयेत, मुलाला विचारून भरावेत. आमच्याकडे एका मुलाच्या नावापुढे "आई-वडील" लिहिलेलं होतं. दोघंही वर्षभरापासून गावी, पोरगं मावशीकडे, आणि मावशी पहाटे मासळी आणायला बाहेर. तो रोज उशिरा का येतो हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.

यादी कपाटात राहते. भिंतीवर, व्हॉट्सअॅप गटावर, पालकसभेत ती कधीच जात नाही.

दुसरी पायरी: शिकवण्याआधी डोळे आणि कान

ही पायरी लोक शेवटी घेतात, मी ती आधी घेते. फळ्यावरचं दिसत नसलेल्या मुलाला जादा तासिका देऊन काय होणार?

शाळेच्या आरोग्य तपासणीचं पथक येतं, पण त्या दिवशी नेमकं गैरहजर असलेलं मूल सुटतं, आणि गैरहजर राहणारी मुलंच आपल्या यादीत असतात. म्हणून प्राथमिक चाळणी आपण करायची. 'ई' अक्षराचा तक्ता उजेडात लावा, सहा मीटरवर खडूनं रेघ मारा, एकेक डोळा झाकून विचारा. डोळा तळहातानं झाकायला सांगा. बोटं ठेवली की मुलं फटीतून बघतात आणि तपासणी पास होतात. कानासाठी मुलाच्या पाठीमागे दोन हातांवर उभं राहून हळू आवाजात नाव, रंग, अंक म्हणायचे आणि त्याला पुन्हा म्हणायला सांगायचं. हे काही निदान नव्हे. कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते कळण्यापुरतं आहे.

एका पावसाळ्यात 'हट्टी, ऐकत नाही' असा शेरा असलेल्या मुलाचा कान वाहत होता. ऐकत नाही हे अक्षरशः खरं होतं.

पुढे पाठवायचं कुठे? ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. हातापायांच्या अडचणींसाठी, कॅलिपर किंवा व्हीलचेअरसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. दृष्टीसाठी वरळीला नॅब, म्हणजे अंधांसाठी काम करणारी राष्ट्रीय संघटना. वाचन-लेखनातली अडचण सगळं करूनही हटत नसेल, मूल बोलण्यात चलाख आणि कागदावर कोरं असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, केईएममध्ये, नायरमध्ये होते. साधारण तिसरीच्या आधी हे निदान पक्कं करत नाहीत, म्हणून पहिलीतल्या मुलावर हा शिक्का मारायची घाई नको. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यात आहे, हे अजूनही कित्येक शिक्षकांना माहीत नसतं.

खरी अडचण पत्ता शोधण्याची नसतेच. ही तपासणी एका फेरीत होत नाही, तीन-चार वेळा जावं लागतं, आणि नाक्यावर काम मिळवणाऱ्या बापाची किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईची प्रत्येक फेरीला रोजी बुडते. दुसऱ्या फेरीला ते जात नाहीत आणि आपण "पालक उदासीन" लिहून मोकळे होतो. त्यापेक्षा हे करा: शाळेचं पत्र, मुलाच्या दोन वर्षांच्या वह्या, प्रगतिपुस्तकं आणि वर्गशिक्षकाच्या अर्ध्या पानाच्या नोंदी अशी एक पिशवी तयार करून द्या, म्हणजे "शाळेतून हे आणा, ते आणा" म्हणून होणारी एक फेरी वाचते. पहिल्या वेळी शाळेतलं कुणीतरी सोबत जावं. समितीवरची एखादी आई यात शिक्षकांपेक्षा उपयोगी पडते. केसपेपरची खिडकी कुठली, रांगेत किती वाजता उभं राहायचं, हे तिला पाठ असतं.

तिसरी पायरी: पहिल्या दोन तासिका मोडा

परिपाठ झाला की पहिल्या दोन तासिका, साधारण ७० मिनिटं, तिसरी ते पाचवीच्या सगळ्या तुकड्या एकत्र धरा आणि मुलं इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार बसवा. अक्षरगट, शब्दगट, परिच्छेदगट, गोष्टगट. बाकीचा दिवस नेहमीसारखा आपापल्या वर्गात.

इथे मी सपशेल चुकले होते. गटांची नावं कुणाला लागू नयेत म्हणून गुलाब, मोगरा, कमळ अशी ठेवली. मुलांनी दोन दिवसांत ओळखलं की कमळ म्हणजे ढ. मधल्या सुट्टीत "ए कमळ!" ही शिवी झाली. मग आम्ही दोन बदल केले. गणिताचे गट वेगळे पाडले, त्यामुळे वाचनात खाली असलेला मुलगा गणितात वरच्या खोलीत जाऊ लागला. आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून गट हलवायला सुरुवात केली. खोली बदलते हे दिसलं की चिडवणं आपोआप कमी होतं. सगळ्यात चांगला शिक्षक अक्षरगटाला द्या. हे वाचताना शाळेशाळेत कपाळाला आठ्या पडतील, कारण रिवाज उलटा आहे: हुशार तुकडी ज्येष्ठ बाईंना, आणि अक्षरगट नव्यानं आलेल्या किंवा निवडणुकीच्या कामावर अर्धा वेळ बाहेर असणाऱ्या शिक्षकाला.

अक्षरगटात काय करायचं यावर थोडं सविस्तर. पूर्ण वर्णमाला क ते ज्ञ ओळीनं घोकून घ्यायची नाही. मुलांना ती गाण्यासारखी येते आणि मधलं अक्षर विचारलं की पहिल्यापासून म्हणावी लागते. पाच-सहा अक्षरं घ्या ज्यांचे लगेच शब्द होतात: म, क, र, न, ल, आणि एक काना. मका, नाक, कान, राम, मला, लाल. दुसऱ्या दिवशी याच अक्षरांचं वाक्य. फसवणाऱ्या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात निदान आठवड्याचं अंतर ठेवा. जोडाक्षरांत सगळ्यात जास्त अडतं ते र पाशी: कर्म, क्रम, दर्या, दऱ्या. हे चार शब्द फळ्यावर शेजारी लिहून प्रत्येकाचा अर्थ मुलांना हातवाऱ्यांनी दाखवायला लावा. दर्याला हातांच्या लाटा होतात, दऱ्यांना खोल खड्डे.

मोजायचं कशानं? निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणितासाठीचं केंद्राचं अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्याचं दुसरीअखेरचं लक्ष्य मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचण्याचं आहे, तिसरीअखेर निदान ६०. पाचवीतलं मूल मिनिटाला ३० शब्दांवरच अडलेलं असेल तर त्याला पाचवीचा इतिहासाचा धडा 'वाचून' प्रश्नोत्तरं लिहायला सांगणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. शब्द मोजताना 'समजून' हा शब्द विसरू नका. आमच्याकडे एका उत्साही सरांनी मुलांना आगगाडीसारखं वाचायला शिकवलं होतं, अर्थ मात्र स्टेशनवरच राहिला होता.

घरची भाषा, पुस्तकाची भाषा

मुंबईच्या मराठी शाळेत मराठी ही सगळ्यांची घरची भाषा आहे, असं धरून चालणं म्हणजे निम्मा वर्ग गमावणं. एका वर्गात जालना-लातूरकडून आलेली मुलं असतात, ती "म्या न्हाई केलं" म्हणतात. कुणाच्या घरी गोरमाटी (बंजारा बोली), कुणाच्या घरी वडारी, कुणाकडे भोजपुरी. कोळीवाड्यातल्या मुलांची आणखी निराळी तऱ्हा. पालिका तर मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमीळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. तरीही घराजवळची शाळा म्हणून किंवा मोठी बहीण आधीपासून इथे आहे म्हणून मुलं भाषेची सीमा ओलांडून आपल्याकडे येतात.

"अशुद्ध बोलू नकोस" हे वाक्य शाळेतून काढून टाका. त्याऐवजी फळ्याचे दोन भाग करा, डावीकडे 'घरी म्हणतो', उजवीकडे 'पुस्तकात लिहितो'. "व्हतं" आणि "होतं" शेजारी शेजारी. चूक-बरोबरची खूण कुठेच नाही. हिंदी बोलणारं मूल 'चार' बरोबर म्हणतं आणि 'चारा' वाचताना तोच च वापरतं. लिपी तीच असल्यानं त्याला दोष देता येत नाही, ऐकवावंच लागतं. आणि ळ. 'बाळ'चं 'बाल' झालं तर हसू उसळतं, म्हणून आधी शिक्षकानं स्वतः त्या मुलाकडून त्याच्या भाषेतले दोन शब्द शिकावेत आणि भर वर्गात चुकवावेत. माझा गोरमाटी उच्चार ऐकून चौथीचा वर्ग लोळला होता. त्यानंतर ती मुलगी बोलायला लागली.

चौथी पायरी: धडा एक, दारं तीन

अभ्यासक्रम म्हणजे पाठ्यपुस्तक हा समज आधी सोडा. अभ्यासक्रमात अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला शेवटी काय यायला हवं ते, ठरलेल्या असतात. पुस्तक हे तिथवर पोचायचं साधन. निष्पत्ती पकडून ठेवली तर धडा आपल्या वस्तीतला घेता येतो.

आमचं उदाहरण पाण्याचं. परिसर अभ्यासात पाणी येतंच. आम्ही सुरुवात केली ती "तुमच्याकडे नळ किती वाजता येतो?" या प्रश्नानं. अक्षरगटातल्या मुलांनी नळ, पाणी, हंडा, पाइप, पिंप या शब्दांच्या चिठ्ठ्या घेऊन चित्रांना चिकटवल्या. मधल्या गटानं घरी पाणी कोण भरतं यावर चार वाक्यं लिहिली. यातला एक मुद्दा निसटू नये: बहुतेक वाक्यांत कर्ता 'ताई' किंवा 'मी' होता आणि 'मी' लिहिणाऱ्या जवळपास सगळ्या मुली होत्या. तिसऱ्या गटानं गल्लीवार वेळा लिहून स्तंभालेख काढला, २०० लिटरच्या निळ्या पिंपातून पाच माणसांच्या घराला दिवसाकाठी माणशी किती येतं ते काढलं, आणि विभाग कार्यालयाच्या पाणी खात्याला पत्र लिहिलं. शेवटी सगळे एकत्र. नकाशावर सात तलाव: अप्पर वैतरणा, मोडक सागर, मध्य वैतरणा, तानसा, भातसा, विहार, तुळशी. शेवटचे दोन मुंबईच्या हद्दीत, बाकीचे लांबचे. "तानसा? आमच्या घरामागून तानसाचा पाइप जातो," एक मुलगा ओरडला. तो अक्षरगटातला होता, आणि त्या दिवशी वर्गात त्याच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

टाचण वहीत, म्हणजे शिक्षकाच्या पाठाच्या पूर्वतयारीच्या वहीत, हे कसं लिहायचं, असा प्रश्न येतोच. निष्पत्ती एक लिहा, कृती तीन लिहा. विभाग निरीक्षकांनी विचारलं तर यादी आणि वह्या दाखवा. माझा अनुभव असा की मुलांच्या वह्या समोर असल्या की टाचणावरून वाद होत नाही.

पाचवी पायरी: दिव्यांग मूल वर्गात बसलं पाहिजे, पटावर नुसतं नको

पालिकेच्या बऱ्याच इमारती तीन-चार मजली, एकाच इमारतीत दोन-तीन शाळा, आणि लिफ्ट असली तर बंद. आमच्या सहावीत कॅलिपर लावणारा मुलगा होता आणि सहावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टसाठी पत्रव्यवहार वर्षभर चालला. मग एका शनिवारी शिपाईमामांनी आणि सातवीच्या मुलांनी सहावीचे बाक तळमजल्यावर आणले आणि ऑफिसचं कपाट वर नेलं. दोन तासांचं काम. ते आधी सुचलं नाही याची अजून लाज वाटते.

बाकी गोष्टी लहान आहेत: कमी ऐकू येणाऱ्याला पहिल्या बाकावर, चांगला कान शिक्षकाकडे, शिक्षकानं फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कमी दिसणाऱ्याला जाड स्केचपेननं लिहिलेला मजकूर, चंचल मुलाला दर वीस मिनिटांनी खडू आण, डस्टर झटक असं उठण्याचं निमित्त. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी व्हीलचेअरवरून पोचेल अशा उंचीवर आहे का, हे आजच जाऊन बघा.

समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गात शिकवायला मदत करणारे, विशेष शिक्षक आठवड्यातून कधीतरी येतात. ते मुलाला कोपऱ्यात घेऊन अर्धा तास शिकवतात आणि जातात, हा त्यांचा सगळ्यात वाया जाणारा उपयोग. त्यांना पुढच्या आठवड्याचं टाचण दाखवा आणि विचारा, यात या मुलासाठी काय बदलू? मग एक पान लिहा: तीन महिन्यांत साधायच्या तीनच गोष्टी. "स्वतःचं नाव आणि पत्ता लिहील", "शंभरपर्यंतची नोट ओळखून सुटे मोजेल", "गटात बसून आपली पाळी येईपर्यंत थांबेल". 'प्रगती साधणे' असलं काही लिहू नका.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेतल्या सवलती, जादा वेळ, लेखनिक, दहावीच्या तोंडावर न मागता आत्तापासून वर्गातल्या चाचणीतही द्या. लेखनिकाला सांगून लिहवून घेणं हे कौशल्य आहे, ते सवयीनं येतं.

सहावी पायरी: तिसऱ्या दिवशी दार ठोठवा

पहिल्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी घर. सलग महिनाभर न आलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं, पण तिथवर थांबलात तर ते मूल बहुधा गेलंच. आणि घरी जाताना हजेरीपत्रक नेऊ नका, मुलीची चित्रकलेची वही न्या. दारात उभ्या असलेल्या आईला आधी ती दाखवा.

कारणं ठरलेली असतात. गणपतीला गावी गेलेलं मूल पितृपक्ष संपला तरी येत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टी, ऊसतोड. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या गैरहजेरीमागे बहुधा धाकटं भावंड असतं किंवा पाळी आणि शाळेतलं पाणी नसलेलं स्वच्छतागृह. झोपडी पाडली, ट्रान्झिट कॅम्पात गेले, तर मूल शहरातच असतं पण शाळा दोन बस बदलण्याइतकी दूर जाते. प्रत्येकावर उपाय वेगळा. भावंड असेल तर जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. गावी किंवा कामावर जाणार असतील तर निघण्याआधी शिक्षण हमी पत्रक द्या, त्यावर वाचन-गणिताची पातळी लिहा, म्हणजे तिथल्या शिक्षकाला नव्यानं सुरुवात करावी लागत नाही.

आपल्याकडे येणाऱ्यांनाही दार उघडं हवं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जन्मदाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुसार इयत्तेत घ्यायचं आणि विशेष प्रशिक्षण द्यायचं, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. "आधी कागद आणा, मग बघू" म्हणणाऱ्या क्लार्कच्या टेबलावर हे चार ओळींत लिहून चिकटवा.

सातवी पायरी: मूल काही सांगू लागलं तर

एखादं मूल हळूच काही सांगतं, किंवा सांगत नाही पण अचानक बदलतं. ऐकून घ्या, दारं उघडी ठेवून, शांतपणे. "खरं सांग" म्हणू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला बोलावून समोरासमोर करू नका, शाळेची स्वतःची चौकशी नेमू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखाला ती जास्त, एक वर्षापर्यंत कैद. "शाळेची बदनामी होईल" हे वाक्य ज्या मीटिंगमध्ये उच्चारलं जाईल त्या मीटिंगचं इतिवृत्त लिहा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइनचा) फोन क्रमांक फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा. पहिलीच्या मुलांना तो पाढ्यासारखा पाठ करून घ्या. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत कागदावर असेलच. तिच्यातल्या दोन बायका कोण हे मुलींना चेहऱ्यानं माहीत हवं.

मारणं आणि टोचून बोलणं दोन्ही कायद्यानं बंद आहे. पट्टी बंद झाली, टोमणे अजून चालू आहेत. इतकंच सांगते.

खिचडी आणि समिती

पोषण आहारात पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० हे प्रमाण ठरलेलं आहे. दुपारच्या सत्रातली कित्येक मुलं सकाळपासून चहा-खारीवर असतात. शक्य असेल तर त्यांचं जेवण सत्राच्या सुरुवातीच्या जवळ आणा. आम्ही आणलं आणि वाचनाच्या तासिकेत डोकं टेकवून बसणारी चार मुलं उठून बसली.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आमची बैठक दुपारी तीनला असायची, सह्या घरी जाऊन घ्यायच्या. वेळ संध्याकाळी सातची केली, तीही पाणी येण्याची वेळ टाळून, तर अकरा बायका आल्या. शाळा विकास आराखडा याच समितीनं करायचा असतो. त्यात 'गुणवत्तावाढ' लिहू नका. तळमजल्याच्या नळाला तोट्या, दोन शौचालयांना आतून कड्या, गोष्टीची १०० पुस्तकं, अशा विकत घेता येतील किंवा दुरुस्त करता येतील अशा गोष्टी लिहा. पुस्तकं कपाटात कुलूपबंद राहिली तर ती न घेतलेली बरी. दोरीवर लटकवा, फाटू द्या.

वर्षाअखेर

निकाल १ मेला लागतो. त्याआधीच्या आठवड्यात शेवटची तपासणी घ्या, तेच चार कागद, मजकूर नवा. शाळेची सरासरी किती वाढली हे मोजू नका. जूनच्या यादीतलं प्रत्येक नाव घ्या आणि पुढे लिहा: कुठून कुठे आलं, काय उपयोगी पडलं, काय नाही. काही नावं जिथे होती तिथेच राहतात. आमच्या पहिल्या वर्षी नऊ राहिली. त्यांच्यापुढे 'प्रयत्न अपुरे' न लिहिता पुढच्या वर्षी कोण काय वेगळं करणार ते लिहिलं.

मग ही यादी पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला हातात द्यायची, समोर बसून, एकेका नावावर दोन मिनिटं. सातवीनंतर शाळा बदलणार असेल तर दाखल्याबरोबर एक पान जोडायचं आणि पुढच्या शाळेच्या वर्गशिक्षकाला फोन करायचा. हे काम सुट्टीआधीच उरकायचं, कारण जूनमध्ये शाळा उघडली की पाठ्यपुस्तकांचं वाटप, गणवेशाची मापं आणि तातडीनं भरायच्या लिंका यांत कुणाला मान वर करायला वेळ नसतो.

त्या पाचवीतल्या मुलीची नोंद माझ्याकडे आहे. जुलै: अक्षरं. सप्टेंबर: शब्द. डिसेंबर: शब्दच, बाबांचं आजारपण, १९ दिवस गैरहजर. एप्रिल: परिच्छेद, मिनिटाला ३८. शेजारी वर्गशिक्षिकेनं पेन्सिलनं लिहिलंय, "अडलेल्या शब्दावर स्वतः थांबते, मागे जाऊन पुन्हा वाचते."